धातू घरचा, नाम परके : फिलिपिनी घरगुती स्वयंपाकाच्या इतिहासातील देशीकरणाचा प्रश्न

१. नोंद आणि नाव

१६१३ साली फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावर, लागुना प्रांतातील पिला या गावी एक शब्दकोश छापला गेला. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने तो सिद्ध केला होता. तागालोग भाषिकांना त्यांच्याच भाषेत धर्म सांगता यावा, हा त्यामागचा हेतू. धर्मप्रसाराच्या या साधनात स्वयंपाकघरही अपरिहार्यपणे येऊन गेले. शिरक्यात मुरवून शिजवलेल्या एका स्थानिक पदार्थाची नोंद करताना कोशकाराने त्याला 'इथल्या लोकांचा अदोबो' असे म्हटले. 'अदोबार' हे मुरवणे या अर्थाचे स्पॅनिश क्रियापद. कोशकाराने समोर जे पाहिले ते त्याला आपल्या घरच्या मुरवणासारखे वाटले आणि त्याने त्याला आपल्या घरचे नाव दिले. लोक स्वतः त्या पदार्थाला काय म्हणत होते ते मागे पडले. पाहुण्याने दिलेले नाव मात्र आज चार शतकांनंतरही फिलिपिनी माणसाच्या तोंडी आहे, आणि अदोबो हाच बहुतेकांच्या मते त्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या प्रसंगात एक परिचित पेच दिसेल. दोन संस्कृतींत सारखी वस्तू आढळली की ती एकीकडून दुसरीकडे गेली असावी असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. आणि दिशा ठरवताना ज्याच्या हाती लेखणी, त्याचे पारडे जड होते. फिलिपाइन्सच्या घरगुती स्वयंपाकाचा इतिहास केवळ पदार्थांच्या नामांवरून लिहिला, तर तो स्पेन, चीन, मेक्सिको व अमेरिका यांच्या ऋणांची यादी होऊन बसतो. तोच इतिहास स्वयंपाकाच्या क्रियापदांवरून वाचला तर निराळा दिसतो. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या वाचनाची मांडणी करावयाची आहे. त्यासाठी राजवाड्यातील वा उत्सवातील पंगतीपेक्षा रोजच्या चुलीवरचे, आजारपणात, पावसात आणि परदेशातून परतल्यावर आठवणारे साधे पदार्थ अधिक उपयोगी पडतात; कारण प्रतिष्ठेचा दबाव त्यांच्यावर सर्वांत कमी असतो.

२. भात आणि 'उलाम'

मॅगेलनच्या सफरीचा वृत्तलेखक आन्तोनियो पिगाफेत्ता याने १५२१ मध्ये लिमासावा बेटावरील राजाकडच्या जेवणाचे वर्णन करून ठेवले आहे. चिनी मातीच्या दोन मोठ्या थाळ्या समोर आल्या. एकीत भात होता, दुसरीत रस्स्यासह डुकराचे मांस. तो दिवस गुड फ्रायडेचा होता आणि नाइलाजाने आपण मांस खाल्ले, अशी कबुलीही त्याने दिली आहे. स्पॅनिश सत्ता अजून यायची होती. तरी थाळी चीनहून आलेली होती आणि जेवणाची रचना आजच्यासारखीच, म्हणजे भात आणि भाताबरोबरचे काहीतरी, अशी होती. 'शुद्ध देशी' असा आरंभबिंदू शोधू पाहणाऱ्याला या दोन थाळ्या सावध करतात.

तागालोगमध्ये शेतातले भात 'पालाय', कांडलेले तांदूळ 'बिगास' आणि शिजलेला भात 'कानिन'. 'कानिन' हा शब्द 'काइन' म्हणजे खाणे या धातूपासून आला आहे. भात म्हणजेच खाद्य, असा त्याचा भाव आहे. उरलेला गार भात 'बाहाव', तो सकाळी लसणावर परतला की 'सिनांगाग', आणि भांड्याच्या बुडाला धरलेली खरपुडी 'तुतोंग'. भाताबरोबर जे काही खाल्ले जाते, मग ते मासे असोत, मांस असो वा भाजी, त्या सर्वांना मिळून 'उलाम' हा एकच शब्द आहे. युरोपीय भाषांत त्याला प्रतिशब्द शोधताना अडखळायला होते. मराठी वाचकाला मात्र 'कोरड्यास' किंवा 'तोंडीलावणे' हे शब्द चटकन आठवावेत. पदार्थ मुख्य नाही, भात मुख्य आहे. उलाम त्याला तोंडी लावायचा. बाहेरून आलेल्या प्रत्येक पदार्थाला फिलिपिनी घरात शिरताना पहिली जागा मिळाली ती याच चौकटीत. स्पेनमध्ये जो पदार्थ स्वतंत्रपणे वाढला जाई, तो येथे उलाम झाला. त्याचा रस्सा भातासाठी सैल वा दाट करण्यात आला आणि त्याचा खारटपणा भाताच्या मापाने ठरला.

३. आंबटाचे व्याकरण

तागालोगमध्ये धातूच्या आत '-इन-' हा मध्यप्रत्यय घातला की कर्मणी रूप सिद्ध होते. 'सिगांग' म्हणजे आंबट रश्शात शिजवणे, त्यापासून 'सिनिगांग'. 'किलाव' म्हणजे शिरक्यात वा आंबट रसात कच्चे मासे 'शिजवणे', त्यापासून 'किनिलाव'. 'सांगाग' पासून 'सिनांगाग'. मराठीतील 'भरलेली वांगी' किंवा 'वाफवलेले' यांसारखीच ही रूपे आहेत. ती वस्तूचे नाव सांगत नाहीत, वस्तूवर काय केले ते सांगतात. म्हणूनच सिनिगांगमध्ये मासे, कोळंबी, डुकराचे वा गाईचे मांस यांपैकी काहीही असू शकते. आंबट काय घालावे हेही ठरलेले नाही. कुठे कोवळ्या चिंचा, कुठे कैरी, कुठे पेरू, तर कुठे कामियास, म्हणजे कोकण-गोव्यातील बिमली. पश्चिम विसाया बेटांवर बातुआन नावाचे फळ घालतात. ते वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरणात कोकमाच्या प्रजातीतलेच आहे. ऋतू, किनारा आणि खिसा यांनुसार साहित्य बदलते. क्रिया तीच राहते.

अदोबोची गोष्टही मुळात अशीच आहे. उष्ण व दमट हवेत मांस टिकवण्यासाठी मीठ आणि शिरका हा उपाय स्पॅनिश येण्यापूर्वीपासून रूढ होता. नारळाच्या माडीपासून, निपा नावाच्या खाडीकाठच्या पामवृक्षाच्या रसापासून आणि उसापासून शिरका होत असे. स्पेनमधील अदोबो हे मुख्यतः शिजवण्यापूर्वीचे मुरवण आहे, आणि मेक्सिकोतील अदोबोत सुक्या मिरच्यांचे वाटण प्रधान असते. फिलिपिनी अदोबोत मात्र शिरक्यातच मांस शिजते. शिरका घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळू नये, हा घरोघरचा दंडक. तिन्हींचे नाव एक, पण क्रिया तीन. फिलिपाइन्समध्येही त्याचे पाठभेद पुष्कळ आहेत. चिनी सोया रस न घातलेला पांढरा अदोबो, बातांगासचा हळदीचा पिवळा अदोबो आणि बिकोल भागातील नारळाच्या दुधातला अदोबो ही त्यांतली ठळक उदाहरणे.

येथे गोव्याची तुलना उद्बोधक ठरते. पोर्तुगीजांचे शिरका-लसणीचे मुरवण गोव्यात आले आणि त्याच्या पोर्तुगीज नावाचे रूप बदलत 'विंदालू' झाले. त्यातही माडीचा शिरका स्थानिक होता, मिरची-मसाल्याचे वाटण येथे घडले. पण गोव्यात रीत बाहेरून आली आणि साहित्य घरचे मिळाले. फिलिपाइन्समध्ये रीत घरची होती आणि नाव बाहेरून आले. एकाच इबेरियन द्वीपकल्पातून निघालेल्या दोन सत्तांच्या छायेत देशीकरणाच्या दोन भिन्न वाटा तयार झाल्या. 'प्रभाव' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला, तर हा भेद झाकला जातो.

सर्वच पदार्थांची रीत घरची होती, असा याचा अर्थ नव्हे. लसूण, कांदा आणि टोमॅटो तेलावर परतून घेण्याची पद्धत स्पॅनिशांबरोबर आली, आणि टोमॅटो तर मेक्सिकोहून आला. 'कामातिस' या तागालोग शब्दात नाहुआत्ल भाषेतील मूळ शब्द अजून ऐकू येतो. पण 'गिसार' या स्पॅनिश क्रियापदाचे तागालोगमध्ये 'गिसा' झाले आणि लगेच '-इन-' प्रत्यय लागून 'गिनिसा' हे रूप तयार झाले. क्रियाही परकी, शब्दही परका. तरी तो आता घरच्या व्याकरणाने चालतो. देशीकरणाचा याहून स्वच्छ पुरावा देणे कठीण आहे.

४. चिनी रीत, स्पॅनिश नाव, संस्कृत फूल

मनिलातील चिनी वस्ती प्रामुख्याने फुजियान प्रांतातून आलेल्या होक्कियेन भाषिकांची. ग्लोरिया चान-याप यांनी तागालोगमधील होक्कियेन शब्दांचा अभ्यास १९८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात खाद्यपदार्थ व स्वयंपाकाशी संबंधित शब्दांचा भरणा लक्षणीय आहे. 'पानसित' हा शेवयांच्या प्रकारांसाठी रूढ शब्द मूळ होक्कियेनमध्ये 'झटपट शिजणारे खाणे' अशा अर्थाचा आहे. तोय्यो म्हणजे सोया रस, तोक्वा म्हणजे सोयाबीनचे पनीर, लुम्पिया म्हणजे गुंडाळी, हे शब्द इतके मुरले आहेत की ते परके वाटत नाहीत.

आजारी माणसाला आणि पावसाळी संध्याकाळी दिला जाणारा 'आरोस काल्दो' या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तांदूळ फुटेपर्यंत शिजवलेली ही कोंबडीची पेज. तिच्यात भरपूर आले, वरून तळलेला लसूण आणि कालामान्सी या छोट्या लिंबाचा रस. साध्या पेजेला 'लुगाव' म्हणतात. मांस घालून दाट पेज करण्याची रीत चिनी आहे. एकोणिसाव्या शतकात चिनी खाणावळींत स्पॅनिश गिऱ्हाइकांसाठी पदार्थांना स्पॅनिश नावे दिली जात, आणि त्याच वळणाने 'भात' व 'रस्सा' या अर्थांचे दोन स्पॅनिश शब्द जोडून हे नाव झाले. पेजेला पिवळसर रंग यावा म्हणून तीत करडईच्या फुलाच्या पाकळ्या घालतात. त्यांना तागालोगमध्ये 'कासुभा' म्हणतात. हा शब्द म्हणजे संस्कृत 'कुसुंभ'. मलय भाषेच्या मार्गाने तो तेथे पोहोचला, आणि मराठीत तोच 'कुसुंबी' रंगात शिल्लक आहे. एका वाडग्यात चिनी रीत, स्पॅनिश नाव आणि संस्कृत फूल एकत्र आले आहेत. पण ज्या आईने तो वाडगा तापलेल्या मुलासमोर ठेवला, तिच्या दृष्टीने तो फक्त घरचा आहे.

असेच दुसरे उदाहरण म्हणजे मिसुआ आणि पातोला यांचे सार. मिसुआ ही गव्हाची बारीक शेवई होक्कियेन, तर 'पातोला' म्हणजे संस्कृत 'पटोल'. मराठीत 'पटोल' चे 'पडवळ' झाले. तागालोगमध्ये तोच शब्द दोडक्या-घोसाळ्याच्या जातीच्या फळभाजीला चिकटला. शब्दाने समुद्र ओलांडला आणि भाजी बदलली. शब्दसाम्यावरून वस्तुसाम्य गृहीत धरणाऱ्या अभ्यासकाने हा दाखला जवळ ठेवावा.

५. गॅलियनच्या वाटेने

१५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गॅलियन जहाजे ये-जा करीत. फिलिपाइन्स दीर्घकाळ स्पेनहून नव्हे, तर मेक्सिकोमार्फत शासित होते. म्हणून 'स्पॅनिश' म्हणून ओळखले जाणारे बरेच काही प्रत्यक्षात मेक्सिकोचे आहे. मका, रताळे, कोको आणि रंगासाठी वापरले जाणारे आचुएते हे सारे या वाटेने आले.

मेक्सिकोतील 'चाम्पुर्रादो' हे मक्याच्या पिठाचे चॉकलेटयुक्त दाट पेय. फिलिपाइन्समध्ये मक्याच्या जागी चिकट तांदूळ आला, पेयाची पेज झाली आणि 'चाम्पोरादो' हा सकाळचा, विशेषतः पावसातला, मुलांचा आवडता पदार्थ ठरला. त्याच्याबरोबर 'तुयो' म्हणजे खारवलेला सुका मासा खाण्याची पद्धत मेक्सिकोत नाही. गोडाबरोबर खारट हवेच, ही भातकेंद्री जेवणाची सवय येथे आलेल्या चॉकलेटला आपल्या नियमात बसवते.

नाताळपूर्वी १६ ते २४ डिसेंबर या पहाटेच्या प्रार्थनांनंतर खाल्ला जाणारा 'बिबिंका' मराठी व कोंकणी वाचकांना नावानेच ओळखीचा वाटेल. तांदळाचे पीठ व नारळ यांचा हा केक वर-खाली निखारे ठेवून भाजतात. गोव्याचे थरांचे 'बिबिंक' ही वरच्या निखाऱ्यांवर अवलंबून असते. मकाव, तिमोर आणि इंडोनेशिया येथेही या नावाची भावंडे आहेत. या कुटुंबाचा वंशवृक्ष एका मूळ पुरुषापर्यंत नेण्यापेक्षा, नाताळ, तांदूळ, नारळ आणि वरून दिलेली आच यांची सांगड ज्या बंदरांत जमली त्यांचा नकाशा मांडणे अधिक फलदायी ठरेल.

६. रिझालच्या कादंबऱ्यांतील ताट

फिलिपिनी साहित्यात या प्रश्नाची जाणीव फार लवकर झालेली दिसते. होसे रिझाल यांच्या १८८७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या 'नोली मे तांहेरे' या कादंबरीच्या आरंभीच एक मेजवानी आहे. सात वर्षे युरोपात राहून परतलेल्या इबार्रासाठी तिनोला केली जाते. आले, भोपळा आणि कोंबडी यांचा हा साधा घरगुती रस्सा. वाढताना पाद्रे दामासो या उद्दाम मठवासीयाच्या वाट्याला मान आणि निबर पंख येतो, तर इबार्राच्या ताटात उत्तम तुकडे जातात. दामासोचा संताप तिथून पेटतो आणि कादंबरीतील वैराला तोंड फुटते. परतलेल्याला घर ज्या पदार्थाने जवळ घेते, त्याच पदार्थाने सत्ताधाऱ्याला त्याची जागा दाखवली जाते. तिनोलाऐवजी एखादा स्पॅनिश पदार्थ असता तर हा अर्थ उभा राहिला नसता. याच कादंबरीतील एक धर्मगुरू पाहुण्याच्या योग्यतेनुसार दाट किंवा पातळ चॉकलेट देण्याची खूण नोकराला सांकेतिक अक्षराने करतो. पेयाच्या दाटपणातही सामाजिक उतरंड आहे.

१८९१ च्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' मध्ये विद्यार्थी एका पानसितच्या खाणावळीत जमतात. स्पॅनिश भाषेच्या अकादमीसाठी त्यांनी केलेली मागणी सरकारने नाममात्र मान्य करून प्रत्यक्षात निष्फळ केली आहे, आणि तिची ही उपहासात्मक मेजवानी. एकेक पदार्थ ते एकेका सत्ताधीशाला अर्पण करतात. परतलेल्या पानसितची पाळी येते तेव्हा त्यांचा युक्तिवाद असा : हा पदार्थ चिनी वा जपानी म्हणतात, पण चीन-जपानात तो कोणाला माहीत नाही, म्हणजे तो फिलिपिनीच असला पाहिजे, मात्र तो करणारे आणि त्यावर कमावणारे परके आहेत, आणि सरकारचीही तीच गत आहे. विनोदाच्या आवरणाखाली रिझाल यांनी येथे दोन प्रश्न वेगळे केले आहेत. पदार्थ कुठून आला हा एक, आणि त्यावर ताबा कोणाचा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही.

७. पाकपुस्तक आणि प्रयोगशाळा

घरगुती स्वयंपाकाचे कर्ते बहुतांशी अनाम स्त्रिया. त्यांच्याविषयी लिहिणारे मात्र दीर्घकाळ पुरुष, तेही परके. १८९८ नंतर अमेरिकन सत्ता आली, शाळांतून गृहशास्त्र शिकवले जाऊ लागले आणि डबाबंद मांस व दूध यांना आधुनिकतेची प्रतिष्ठा मिळाली. या पार्श्वभूमीवर स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या पत्रकार पुरा व्हिलानुएव्हा कालाव यांनी १९१८ मध्ये 'कोन्दिमेन्तोस इंदिहेनास' हे प्रांतोप्रांतीच्या देशी पाककृतींचे पुस्तक काढले. भाषा स्पॅनिश, मजकूर देशी; येथेही नाम आणि धातू यांचा तोच खेळ.

अन्नरसायनशास्त्रज्ञ मारिया ओरोसा यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले आणि परतल्यावर स्थानिक पिकांवर काम केले. टोमॅटोऐवजी केळ्यांपासून केचप करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परदेशी चवीची गरज त्यांनी नाकारली नाही. तिला घरच्या फळाने उत्तर दिले. पुढे मुलांच्या वाढदिवसाची गोडसर स्पॅगेटी या केचपशिवाय होईना. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला.

८. दोरीन फर्नांडेझ यांचे प्रतिपादन

या सामग्रीला सिद्धान्ताचे रूप दिले ते दोरीन गांबोआ फर्नांडेझ (१९३४-२००२) यांनी. त्या आतेनेओ दे मनिला विद्यापीठात साहित्य शिकवत आणि इलोइलोच्या सार्सुएला नाट्यप्रकाराच्या अभ्यासक होत्या. एदिल्बेर्तो आलेग्रे यांच्यासह लिहिलेले 'साराप' (१९८८) आणि स्वतंत्र 'तिकिम' (१९९४) ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध आहेत. १९८८ मध्ये 'फिलिपाइन स्टडीज' मध्ये आलेल्या निबंधात त्यांनी परका पदार्थ देशी कसा होतो याचा क्रम दाखवला. साहित्य बदलते, चव स्थानिक जिभेला जुळवली जाते, जेवणातील त्याची जागा बदलते. मच्छीमारांच्या मालाबोन गावी पानसितवर कालवे व कोळंबी येतात, तर लुकबानमध्ये तोच पानसित केळीच्या पानावर, काट्या-चमच्याशिवाय खाल्ला जातो. स्पॅनिश पदार्थ महाग साहित्यामुळे सणापुरते व सधनांपुरते राहिले, चिनी पदार्थ मात्र रोजच्या ताटात उतरले, हे त्यांचे वर्गीय निरीक्षणही महत्त्वाचे आहे. फिलिपिनी चवीचा प्रतिनिधी म्हणून अदोबोपेक्षा सिनिगांगकडे पाहावे, असे त्यांनी सुचवले होते.

'साव्सावान' या प्रथेकडे त्यांनी विशेष लक्ष वेधले. पातीस हा माशांचा खारट अर्क, बागोओंग हे आंबवलेल्या जवळ्याचे वा माशांचे तिखट-खारट, शिरका, मिरची, कालामान्सी यांच्या वाट्या जेवणाऱ्यापुढे असतात आणि प्रत्येक जण आपली चव स्वतः पुरी करतो. पदार्थ चुलीवर संपत नाही, ताटात पूर्ण होतो. वाचकाच्या सहभागाने संहिता पूर्ण होते, या साहित्यविचाराशी असलेले याचे नाते साहित्याच्या प्राध्यापिकेच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

मराठी समीक्षेत भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केल्यानंतर या प्रश्नावर पुष्कळ वाद झाले. त्या वादांत अनेकदा देशी म्हणजे मूळचे, असा अर्थ गृहीत धरला गेला. फिलिपिनी स्वयंपाकघराचा दाखला असे सुचवतो की देशीपण हा उगमाचा गुण नसून वापराचा गुण आहे.

९. प्रमाण पाठाचा मोह

जुलै २०२१ मध्ये फिलिपाइन्सच्या व्यापार व उद्योग खात्याने अदोबोची प्रमाण पाककृती ठरवण्याचा मनोदय जाहीर केला. जगाच्या बाजारात पदार्थाची ओळख निश्चित व्हावी, हा उद्देश. देशभरातून विरोध झाला : कोणाच्या आजीचा अदोबो प्रमाण मानायचा? अखेर ही कृती ऐच्छिक असून घरच्या स्वयंपाकावर बंधन नाही, असा खुलासा खात्याला करावा लागला. परकी नोंद आणि स्वकीयांचे प्रमाणीकरण यांच्यात चार शतकांचे अंतर आहे, तरी दोन्ही एकाच मार्गाने जातात. दोन्ही क्रियेला नामात गोठवतात. मौखिक परंपरेतील ओवीचा एकच शुद्ध पाठ ठरवू पाहणाऱ्या संपादकाला जी अडचण येते, तीच येथे आहे. पाठभेद हे मूळ पाठाचे विकार नसतात. अनेकदा पाठभेदांचा समूह हाच पाठ असतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये, टाळेबंदीच्या काळात, बुलाकान प्रांतातील एका स्थानिक अधिकाऱ्याने लुगाव पोहोचवणाऱ्या माणसाला अडवले. लुगाव ही अत्यावश्यक वस्तू नाही, असे तिचे म्हणणे होते. देशभर संताप उसळला आणि अन्न म्हणून लुगाव अत्यावश्यकच आहे, असे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला सांगावे लागले. पुढे उपराष्ट्राध्यक्ष लेनी रोब्रेदो यांना हिणवण्यासाठी विरोधक वापरत असलेला हाच शब्द त्यांच्या समर्थकांनी २०२२ च्या निवडणुकीत लुगाव वाटून अभिमानाने मिरवला. रोब्रेदो निवडणूक हरल्या. पण गरिबाची पेज हा राजकीय भाषेतला शब्द झाला होता.

१९७४ च्या कामगार कायद्यानंतर परदेशी नोकरी हे फिलिपाइन्सचे अधिकृत धोरण बनले आणि लाखो माणसे आखाती देशांत, जहाजांवर, रुग्णालयांत विखुरली. त्यांच्या आठवणीत घर म्हणून जे राहते ते बहुधा सिनिगांग, अदोबो, लुगाव हेच. परदेशात चिंच मिळाली नाही तर लिंबू चालते, माडीचा शिरका मिळाला नाही तर दुसरा चालतो. साहित्य सुटते, नावही कधी भाषांतरित होते. आंबट रश्शात शिजवण्याची क्रिया तेवढी हाताबरोबर जाते. सान बुएनाव्हेंतुराच्या कोशात ज्या क्रियेला परके नाव मिळाले, ती त्या नावाखालीच टिकली. म्हणून फिलिपिनी अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्याने 'हे कोणाचे?' या प्रश्नाआधी 'हे कसे केले जाते, आणि कोण करते?' हा प्रश्न विचारणे इष्ट ठरते. साहित्यप्रकारांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांनाही हा क्रम उपयोगी पडावा.